गुडघे माझे आहेत

पाली, ता. बीड
१२ एप्रिल १९८७

ती. दादा यांस, वच्छलाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेली तेलाची बाटली मिळाली, आणि तेलाबरोबर आलेला हुकूमही मिळाला. तेल ठेवून घेतलं. हुकूम परत करते.

'आईला जमिनीवर पाय टेकवू देऊ नकोस,' असं तुम्ही माझ्या बबनला सांगून पाठवलंत. त्याने मामाचा शब्द असा झेलला की संक्रांतीपासून मी माजघरातल्या सतरंजीवरून हललेली नाही. पाणी हातात, ताट हातात. मी उठायला लागले की दोन्ही सुना धावतात, जशी काही मी विहिरीकडेच निघाले आहे. आधी निदान गोठ्यापर्यंत जात होते. आता बसून बसून गुडघे इतके धरलेत की उठताना तोंडातून नको ते शब्द निघतात.

मागच्या आठवड्यात लेकीकडे आंबाजोगाईला गेले होते. तिने मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, सांध्यातली गादी झिजली आहे, गोळ्यांनी चार दिवस बरं वाटेल पण पोट बिघडेल, तुम्ही व्यायामाच्या खोलीत जा. तिथे एक बाई होत्या. त्यांनी माझी मांडी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, दुखतंय गुडघ्यात, पण सैल पडलीय ती मांडी. मांडीचं मांस गुडघ्याला धरून ठेवतं. बसून राहाल तर तेही जाईल." म्हणजे ज्याला तुम्ही सगळे आराम म्हणता त्यानेच माझा घात चालवलाय.

त्यांनी शिकवलं ते असं. उताणं पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबून धरायची. पाय सरळ ठेवून उचलायचा. सपाट वाटेने रोज चालायचं. कोमट कपड्याने शेकायचं. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बसायचं ते खुर्चीवर.

इथेच घोडं अडलं. आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. माझे थोरले दीर धोंडीरामभाऊजी समोर असताना घरातली बाई बाजेवर की खुर्चीवर बसत नाही. पाऊस नाही, शेतात काम नाही, त्यामुळे भाऊजी दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. मग मी एक तर आत लपायचं, नाही तर जमिनीवर बसायचं. दूध सोसायटीतही तेच. सरकारी म्हशी बायकांच्या नावावर आल्या तेव्हा संचालकांत एक बाई हवी म्हणून मला घेतलं. भाऊजी चेअरमन. बाकीचे संचालक खुर्च्यांवर, आणि मी दाराशी सतरंजीवर. माझे निम्मे गुडघे या रीतीने खाल्ले असं मी म्हणाले तर तुम्ही रागवाल. रागवा.

एकच मागणं आहे. आईला हिंडू-फिरू दे, असं बबनला लिहा. तुमचा शब्द तो मोडत नाही.

तुमची
वच्छला


परळी वैजनाथ
२६ एप्रिल १९८७

चि. वच्छला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने, जानकीने, मोठ्याने वाचून दाखवलं. चुलीपाशी सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळे हसले. एकसष्ट वर्षांची बाई पाय वर करून कवायत करते, हे आपल्या घराण्यात पहिल्यांदा घडत असावं.

अगं, गाडीचा कणा झिजला तर शहाणा माणूस गाडी सोडून ठेवतो, आणखी पळवत नाही. मी अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर उभ्याने नोकरी केली, मला गुडघ्यांचं सांगू नकोस. माझेही दुखतात. पण मी शहाणपणाने घेतलं. दिवाळीपासून घराबाहेर पडलो नाही. चहा पलंगावर येतो, अंघोळीचं पाणी मोरीपर्यंत नातू नेतो, मलाही तोच नेतो. वैजनाथाच्या पायऱ्या चढणं सोडलं, देव घरातही आहे. पॉवर हाऊसची राख खिडकीतून पांघरुणावर येते तेवढाच काय तो त्रास. सुना-नातवंडं असून उठाबशा काढायच्या म्हणजे त्यांच्या सेवेला नावं ठेवणं झालं.

आणि खुर्चीचं मनातून काढून टाक. थोरल्या दिरासमोर खुर्चीत बसणारी पोर आमच्या घरातून दिली नव्हती. धोंडीरामजी सज्जन माणूस आहे. तुझा नवरा गेल्यावर त्यांनी तुझा संसार सांभाळला, हे विसरू नकोस.

बबनला मी काही लिहिणार नाही. तेल दोन वेळा लाव.

मोहनराव


पाली
१४ जून १९८७

ती. दादा यांस नमस्कार.

हसलात ना सगळे? बरं झालं. दुष्काळात हसायला मिळत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी सुरुवात केली आहे. गोठा अर्धा रिकामा पडलाय, बैल बबनने चैत्रातच विकले. तिथे जुनी बाज टाकून घेतली. पहाटे जनावरांच्या खुंट्यांसमोर उताणी पडून पाय उचलते. पहिल्या दिवसांत पाय वीतभरही उचलेना आणि मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही, संतापाने. हाच पाय घेऊन मी बिंदुसरेच्या धरणावर खडी वाहिली होती. आता त्याला हवेत धरून ठेवता येत नाही.

काठी उजव्या हातात धरते, कारण डावा गुडघा जास्त खराब आहे. भेटेल तो शहाणा सांगतो, "आवं, काठी चुकीच्या हातात हाय." बबनने तर ती काढून डाव्या हातात दिली. मी पुन्हा उजवीकडे घेतली. आणखी एक सांगते, तोंड वाकडं करू नका. बंकट सुताराकडून बिनबुडाची खुर्ची करून घेतली, परसाकडे ठेवायला. उकिडवं बसणं बंद झालं आणि निम्मी कळ तिथेच गेली. सगळा गाव त्यावर बोलतोय. गावाला दुसरं कामही नाही, धरणाच्या तळाला भेगा पडल्यात, त्या तरी किती वेळ बघायच्या.

आता खरं सांगायचं ते. परवा सोसायटीत संचालकांची बैठक झाली. बाहेरून कडब्याचे ट्रक येणार आहेत. ठरलं काय, तर ज्याचं जितकं दूध त्याला तितका चारा. म्हणजे भाऊजींच्या गोठ्यात ट्रक रिकामा होणार आणि सुंदरबाईला काडी मिळणार नाही. सुंदरबाई म्हणजे आमच्या शेजारची विधवा, तुम्ही तिला पाहिलंय. तिची एकच म्हैस. गाभण आहे, आटलेली आहे, दूध शून्य. मी दाराशी बसून म्हणाले, "दूध देणारीलाच चारा द्यायचा, तर आटलेली उद्या दूध देणार कुठून? चारा जनावरामागं द्या." भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची रीत नाही. ते आमच्या सचिवाला, त्रिंबकला म्हणाले, "लिवून घे, सर्वांनुमते मंजूर."

बैठक संपली आणि मला उठता येईना. इतका वेळ जमिनीवर बसून दोन्ही गुडघे आवळले होते. शेवटी त्रिंबकने आणि पंडित म्हणून दुसरे संचालक आहेत त्यांनी बगलेत हात घालून मला उचललं, ज्वारीचं पोतं उचलावं तसं. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पंडित, त्यान्ला म्हणावं, आता घरी बसा. कावून तरास करून घेता?" आणि हसले. सगळे हसले.

दादा, दुखण्याचं मी सोसते. पण त्या हसण्याची आग अजून अंगात आहे.

वच्छला


परळी वैजनाथ
२ जुलै १९८७

चि. वच्छला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मनावर घेतलं आणि तुझं काम करून टाकलं. आता निवांत हो.

बीडला शिंद्यांच्या मुलीचं लग्न होतं. मी जाणार नव्हतो, पण मुलांनी जीप केली, मला दोघांनी उचलून जीपमध्ये बसवलं आणि मांडवात उचलूनच उतरवलं. केवढा मान! तुला दोघांनी उठवलं त्याचा तुला राग येतो, मला तर डोळ्यांत पाणी आलं. दृष्टिकोनाचा फरक आहे.

मांडवात धोंडीरामजी भेटले. जेवणानंतर मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, माझ्या बहिणीच्या पायांचं काही खरं नाही, तिला आता सोसायटीच्या कामातून मोकळं करा, हे ओझं तिच्याने निभत नाही. त्यांनी किती समजुतीने ऐकलं म्हणून सांगू. म्हणाले, "आमच्या बी मनात तेच हुतं, पण आमी कसं म्हणावं? तुमी भाऊ, तुमी म्हणलात, सुटलो." तुझ्या जागी त्यांची थोरली सून घ्यायचं म्हणतायत. म्हणजे जागा घरातच राहिली.

भाऊ अजून जिवंत आहे तोवर बहिणीला कुणी पोत्यासारखं उचलणार नाही. तेल संपलं असेल तर कळव.

मोहनराव


पाली
८ जुलै १९८७

दादा,

उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

मी तुम्हाला लिहिलं की मला हसले. लिहिलं की सुंदरबाईच्या म्हशीला चारा मिळत नाही. यातून तुम्ही काय वाचलंत? वच्छी थकली. वच्छीला घरी बसवा. तीन महिने मी पाय उचलायला शिकतेय ते कशासाठी? सोसायटीच्या पायऱ्या चढून त्या चाऱ्यासाठी भांडता यावं म्हणून. आणि तुम्ही शिंद्यांच्या मांडवात जिलबी खाता खाता माझे पाय देऊन आलात.

काल भाऊजींनी बैठकीत सांगितलं, "खुद्द भावानं हात जोडून सांगितलंय, आता आमाला उपाय न्हाई." वार्षिक सभेपुढे विषय ठेवलाय, प्रकृतीच्या कारणास्तव मला मोकळं करायचा. भाऊजींची सून पोर चांगली आहे, पण सासऱ्याने दाखवलेल्या जागी सही करण्यापलीकडे तिला काही करता यायचं नाही. मी गेले की आटलेल्या जनावरांची बाजू घेणारं कुणी उरत नाही. म्हणूनच मी नको आहे. माझ्या गुडघ्यांची काळजी त्यांना कधीपासून लागली?

तेल पाठवू नका. यंदा राखीही पाठवणार नाही.

वच्छला


परळी वैजनाथ
१४ ऑगस्ट १९८७

वच्छला,

राखी आली नाही. पोस्टमन दोनदा येऊन गेला, मी दोन्ही वेळा जानकीला दारात पाठवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा माझं मनगट मोकळं राहिलं. तुला वाटत असेल की म्हातारा रडला. रडलो नाही. रागावलो. अजूनही रागावलेला आहे.

मी काय वाईट केलं? हात जोडले ते तुझ्यासाठी. या वयात दुसऱ्यापुढे हात जोडणं सोपं नसतं. आणि तू जिलबी काढतेस.

तुझी कवायत आणि तुझं भांडण तुला लखलाभ. मी मात्र आता जास्त लिहू शकत नाही. नागपंचमीला पहाटे कुणाला उठवायला नको म्हणून एकटाच मोरीकडे निघालो आणि अंगणात बसकण मारली. पडलो नाही, बसलो. पण उठता आलं नाही. उजाडेपर्यंत तिथेच होतो. पायांत दम राहिला नाही, मांड्या कोवळ्या पोरासारख्या झाल्यात. डॉक्टर म्हणाला हाड मोडलेलं नाही. मग काय मोडलंय ते त्याला सांगता आलं नाही.

तुला एकच बजावतो. वार्षिक सभेत काहीतरी करून बसशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. थोरल्या दिरासमोर खुर्चीत बसलीस असं माझ्या कानावर आलं तर परळीचं दार तुला बंद.

जानकी विचारते, काठी कोणत्या हातात धरायची म्हणाली होतीस? आणि ती बिनबुडाची खुर्ची केवढ्या उंचीची करायची? ती उगाच विचारते.

मोहनराव


पाली
३० सप्टेंबर १९८७

दादा,

दार बंद करायचं असेल तर आधी करून घ्या, मग पुढचं वाचा. मी बसले.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. तीन पायऱ्या. चांगला पाय आधी टाकून चढले, कुणाचा हात घेतला नाही. वर टेबल, टेबलामागे संचालकांच्या खुर्च्या, खाली सतरंज्या. एका सतरंजीवर बाप्ये, दुसऱ्यावर बायका. म्हशी बायकांच्या नावावर असल्यामुळे बायकाच जास्त. त्यांना आणलं होतं ते विषय मंजूर म्हणून हात वर करायला. त्रिंबकने सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि मग भाऊजी आले.

पंडितरावांशेजारची खुर्ची रिकामी होती. दरवर्षीच असते, ती माझीच असते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जाऊन तिच्यात बसले.

भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्रिंबक, त्यान्ला सांग, खाली बसा. घरात रीत हाय, ती हितं बी हाय." मीही भाऊजींकडे न बघता म्हणाले, "त्रिंबक, भाऊजींना सांग, खाली बसले तर मला उठता येत न्हाई. मागं दोन गड्यांनी उचललं तवा ते हसलेले हायेत." भाऊजींचा चेहरा काळवंडला. म्हणाले, "लई झालं. भावजय खुर्चीत बसंल तिथं आमी बसत न्हाई. आमीच उठतो."

आणि उठले. जोडा घातला आणि पायऱ्या उतरले. आता आमच्या गावात भाऊजी उठून गेले आणि कुणी बाप्या बसून राहिला, असं आजवर झालेलं नाही. पंडितराव उठले, मग सगळे संचालक, मग अख्खी सतरंजी. एकमेकांचे जोडे पायात घालून गेले. माझा बबनही गेला, खाली मान घालून. सभा मोडली, आता बायका मागोमाग येतील, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

बायका आल्याही असत्या. मी काही त्यांना अडवलं नव्हतं. पण त्या सगळ्या माझ्याच वयाच्या, भाऊजींची वाट बघत दोन तास सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. सुंदरबाई शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून अर्धी उठली आणि कळ आली तशी मटकन खाली बसली. दुसरी गुडघे धरून "आई गं" करत होती. तिसरी ओणवी होऊन भिंत शोधत होती. जन्मभर जमिनीवर बसवलेल्या त्या गुडघ्यांना चटकन उठून कुणाच्या मागे जाता येईना. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "उठायचा खटाटोप कावून करता गं? बसा की. सभा आपली बी हाय."

त्रिंबक पेन धरून तसाच बसलेला. सचिवाला सभा सोडता येत नाही. मी त्याला विचारलं, "सभा मोडली का?" त्याने हजेरीच्या कागदावरच्या सह्या-अंगठे बोटाने मोजले. मग हळूच म्हणाला, "हजेरी झालीय. कोरम पुरा हाय. काकू, तुमी संचालक हायेत, बायकांनी अध्यक्ष म्हणून तुमचं नाव घेतलं तर सभा चालंल."

नाव घेतलं. मला मोकळं करायचा विषय आला, कुणी हात वर केला नाही. मग चाऱ्याचा आला. चारा दुधामागे नाही, जनावरामागे, आणि आटलेल्या-गाभण जनावरांना आधी. सगळे हात वर. हात दुखत नव्हते कुणाचे.

हे वाचून तुम्हाला वाटेल की वच्छी जिंकली, आता मिरवतेय. ऐका मग. सगळ्यात आधी हात वर गेला तो सुंदरबाईचा. तिने त्याआधीच्या आठवड्यात म्हैस बाजारात विकली होती. पोट वर आलेली म्हैस, मिळेल त्या भावाने, कारण घरात काडी नव्हती. मला कळलं ते सभेनंतर. मी म्हणाले, "मग तू हात कशाला केलास?" म्हणाली, "बाकीच्यांच्या हायेत की अजून." म्हैस गेली आणि आम्ही झोपा केला. जूनमध्ये त्या दाराशी बसून मी जे म्हणाले होते ते तेव्हाच ऐकलं असतं तर ती म्हैस आज व्यायली असती. हा राग मी कुणाला दाखवू? तुम्हाला दाखवते, तुम्ही हक्काचे आहात.

घरात आता कुणी माझ्याशी बोलत नाही. भाऊजी ओसरीवर बसायचे थांबलेत, दिवसभर मारुतीच्या पारावर असतात. बबन ताटावरून नजर वर करत नाही. मी ओसरीवर खुर्ची टाकून शेंगा फोडते.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. खुर्चीची उंची अशी हवी की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. जानकीवहिनीला सांगा. त्यांना पाय सरळ उचलायलाही सांगा, आधी वीतभर उचलला तरी पुष्कळ. त्यांचे पाय तर अगदी ठणठणीत होते, मी पाहिले होते.

वच्छला


परळी वैजनाथ
८ ऑक्टोबर १९८७

वच्छला,

आडवं पडून लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय.

तुझं पत्र येण्याआधीच पंडितराव इथे येऊन गेले. सगळा वृत्तांत कळला. जानकीने दाराआड उभं राहून ऐकला. मला परक्या माणसासमोर तोंड वर करून बोलता आलं नाही. आपल्या आईने तुला हे शिकवलं नव्हतं.

धोंडीरामजींचा निरोप असा आहे. झालं ते झालं. ठराव त्यांनी गिळला, चारा वाटतायत, तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. पण पाडव्याला सगळी भावकी घरी जमेल तेव्हा तू त्यांच्या पाया पडायचं, सगळ्यांदेखत. एवढं केलंस तर घर पुन्हा बोलायला लागेल, बबनची मान वर होईल. तुझी सोसायटीची जागाही राहू देतील.

मी पंडितरावांना शब्द दिलाय. आता माझी लाज तुझ्या हातात आहे. वाकणं जड जात असेल तर तसं म्हण. गुडघ्यांचं निमित्त सांग, उभ्यानेच हात जोड, ते समजून घेतील. आजाऱ्याला सगळं माफ असतं.

नाही केलंस तर भाऊबीजेला मी पालीला येणार नाही. पाट रिकामा राहील.

मोहनराव


पाली
१४ ऑक्टोबर १९८७

ती. दादा यांस नमस्कार.

पुन्हा शब्द देऊन बसलात? एकदा मांडवात दिलात, आता पलंगावर दिलात. तुमचे शब्द एकदा मोजून माझ्याकडे ठेवायला द्या.

गुडघ्यांचं निमित्त सांगू म्हणता. संक्रांतीला सांगितलं असतं, तेव्हा ते खरं होतं. तेव्हा मला खाली वाकताच येत नव्हतं. आता येतं. दुखणं गेलं नाही, जाणारही नाही, त्या बाईंनी ते आधीच सांगितलं होतं. पण परवा चुलीपुढे पडलेली काडी मी खुर्चीला धरून, वाकून उचलली आणि सरळ उभी राहिले. धाकट्या सुनेने पाहिलं. संध्याकाळी माझ्या ताटात भाकरी गरम होती.

तेव्हा पाडव्याला मी भाऊजींच्या पाया पडणार नाही. वाकता येत असून पडणार नाही. गुडघ्यांचं निमित्त देणार नाही, कारण त्याच निमित्ताने त्यांनी मला घरी बसवायला काढलं होतं. सगळ्यांनी विचारलं तर सांगेन की सुंदरबाईच्या म्हशीसाठी पडत नाही. बबनची मान त्याची त्याला वर करता येईल, तो अजून तरुण आहे. जागा राहू देतील म्हणजे काय? जागा सभेने ठेवली आहे.

आणि भाऊबीजेला तुम्ही येणार नाही हे रागाने लिहिलंत, तेही मी वाचलं. दादा, तुम्ही रागाने येत नाही की तुम्हाला येता येत नाही? दिवाळीपासून तुम्ही स्वतःच्या पायांनी बाहेर पडला नाहीत. नागपंचमीला अंगणात बसून राहिलात. परवाचं पत्र आडवं पडून लिहिलंत. पंडितराव घरी आले तेव्हाही तुम्ही उठून बसला नव्हता, ते त्यांनी इथे येऊन सांगितलं. म्हणाले, "तुमचे भाऊ आता जास्ती दिवसांचे न्हाईत." मी त्यांना दारातून घालवून दिलं आणि मग गोठ्यात जाऊन रडले. तुमच्या सुना-नातवंडांनी तुमची सेवा करून करून तुम्हाला त्या पलंगात पुरायला घेतलंय, आणि तुम्ही त्याला मान म्हणताय. याचा मला जितका संताप आहे तितका भाऊजींचाही नाही.

म्हणून मीच येते. भाऊबीजेच्या सकाळच्या गाडीने एकटी येईन, बबनला सांगितलंय, तो नाही म्हणाला नाही. दार बंद असेल तर जानकीवहिनी उघडतील. पाट मांडू नका, तो आपल्या दोघांच्याही कामाचा राहिला नाही. ओवाळेन, भांडेन आणि तुमचे पाय उचलून घेईन, वीतभर तर वीतभर.

तुम्ही थोरले आहात, तुमच्या पाया पडायला मला लाज नाही. पण निजलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, दादा. आईने ते मात्र शिकवलं होतं, निजलेल्याला नमस्कार करतात तो शेवटचाच. मी येईन तेव्हा उठून बसलेले असा.

तुमची
वच्छला